फूल भरपूर, फळ नाही? खताची गोणी उघडण्याआधी हे करून बघा

माझा भाचा आठवीत आहे, सेमी इंग्रजीत. विज्ञानाच्या चाचणीत प्रश्न आला, ‘फर्टिलायझेशन म्हणजे काय?’ पठ्ठ्याने लिहिलं, ‘जमिनीत शेणखत, युरिया वगैरे घालण्याच्या क्रियेला फर्टिलायझेशन म्हणतात.’ दोन मार्कांचा प्रश्न, मिळाला भोपळा. “मावशी, शेतीच्या पुस्तकात हाच अर्थ दिलाय!” असं म्हणत तो रडवेला झाला. मला हसायची सोय नव्हती. तीच गल्लत मी दोन वर्षांपूर्वी केली होती. त्याचे दोन मार्क गेले, माझा दुधीचा अख्खा हंगाम गेला.

नोकरी सोडून सासवडच्या बाजूला माहेरचे दहा गुंठे कसायला घेतले, त्याचा तो पहिला उन्हाळा. मांडवावर दुधी चढवला. संध्याकाळी बघावं तर पांढऱ्या फुलांनी मांडव भरलेला. पण करंगळीएवढे दुधी धरायचे, टोकाकडून पिवळे पडायचे आणि चौथ्या-पाचव्या दिवशी खाली. दुकानात गेले तर ‘फुलगळ आहे’ म्हणून एक बाटली, ‘एकोणीस-एकोणीस’ खताची पुडी आणि वर ‘थोडा युरिया टाका ताई’ असा सल्ला मिळाला. टाकला. वेल असा माजला की पानं परातीएवढी झाली, फुलं दुप्पट आली आणि फळं? तीही गळाली.

शेवटी शेजारच्या आजी मांडवाखाली येऊन वर बघत म्हणाल्या, “अगं, डिंकाचे लाडू बाळंतिणीला देतात. आधी पोटात राहू तर दे.”

हा लेख त्या एका वाक्याभोवती आहे. गच्चीवर चार कुंड्या असोत की दहा गुंठ्यांचा तुकडा, नव्याने सुरुवात करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी इथेच अडते.

१. आधी शब्दांची गाठ सोडवा

इंग्रजीत एकाच शब्दाला दोन कामं लावली आहेत. मराठीत ती वेगळी आहेत, हे आपलं नशीब.

जीवशास्त्रातला अर्थ: फलन. नराची पेशी आणि मादीची पेशी एक होणं. वनस्पती, मासे, कोंबड्या, माणसं, सगळ्यांत.

शेतीतला अर्थ: खत देणं. जमिनीला किंवा पिकाला अन्नद्रव्यं पुरवणं.

आणि तिसरा शब्द, जो या दोघांच्या मध्ये कायम लुडबुडतो: परागीभवन. परागकण नर फुलातून मादीच्या कुक्षीपर्यंत, म्हणजे मादी फुलाच्या मधल्या चिकट टोकापर्यंत पोचणं, एवढंच. ते झालं म्हणजे फलन झालं असं नाही. घरी गाय असेल तर हे एका वाक्यात कळेल. परागीभवन म्हणजे रेतन, फलन म्हणजे गाय गाभण राहणं. डॉक्टर कांडी भरून गेले म्हणून कुणी लगेच पेढे वाटत नाही. एकवीस दिवस थांबतात, गाय उलटते का, म्हणजे पुन्हा माजावर येते का बघतात.

फुलात काय होतं ते थोडक्यात. परागकण चिकट कुक्षीवर पडला की रुजतो आणि त्यातून एक बारीक नळी खाली अंडाशयाकडे वाढत जाते. त्या नळीतून दोन नरपेशी बीजांडात उतरतात. एक अंडपेशीशी मिळते, त्यातून गर्भ तयार होतो. दुसरी मधल्या केंद्रकांशी मिळते आणि त्यातून गर्भाची शिदोरी तयार होते, तिला भ्रूणपोष म्हणतात. सपुष्प वनस्पतींची ही दुहेरी फलनाची तऱ्हा १८९८ मध्ये सर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिली. शिदोरी कशी असते हे बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. शहाळं फोडा. आतलं पाणी आणि मलई हा नारळाचा भ्रूणपोषच आहे. भाताचा, गव्हाचा जो पिठूळ भाग आपण खातो तोही तोच.

फलन झालं की अंडाशयाला निरोप मिळतो, ‘वाढ’. बीजांडाचं बी होतं, अंडाशयाचं फळ. निरोप आलाच नाही तर वेल त्या फळावर अन्न खर्च करत नाही, सरळ सोडून देतो. माझे करंगळीएवढे दुधी उपाशी नव्हते. त्यांचं फलनच झालं नव्हतं.

सापळा: नेटवर ‘फर्टिलायझेशन’ शोधलंत तर यंत्राने भाषांतर केलेली पानं समोर येतात. ‘फुलांना खत घातल्यानंतर बी तयार होते’ असं वाक्य मी स्वतः वाचलंय. असं काही दिसलं की जिथे ‘खत’ लिहिलंय तिथे ‘फलन’ ठेवून वाचा. वाक्याला अर्थ आला तर समजून जा. ‘फर्टिगेशन’ हा आणखी वेगळा शब्द आहे, ठिबकमधून विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारं खत सोडणं.

२. सामान जमवा

परागीभवनासाठी:
– मऊ केसांचा लहान ब्रश, चित्रकलेचा चालतो
– झाकणाची कागदी किंवा पुठ्ठ्याची डबी (प्लॅस्टिकच्या डबीत दमट होऊन पराग खराब होतात)
– दोन-तीन रंगांचा लोकरीचा दोरा
– डोक्याला लावायची बॅटरी, दुधी आणि दोडक्यासाठी
– वही आणि पेन्सिल

माती परीक्षणासाठी:
– खुरपं किंवा फावडं, प्लॅस्टिकची बादली किंवा घमेलं, स्वच्छ गोणपाट, कापडी पिशवी
– चिठ्ठी: नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, नमुना घेतल्याची तारीख, आधीचं पीक, पुढचं पीक, पाण्याची सोय

कागदपत्रं: सातबारा, आठ अ, आधार कार्ड. अनुदानित खत घेताना दुकानातल्या पॉस मशीनवर आधार लागतो. गच्चीवाल्यांना यातलं काही नको. त्यांनी खतासाठी सातव्या पायरीचा शेवट बघावा.

३. फूल ओळखा

माझी सगळी फजिती इथे झाली. मला वाटायचं, फूल म्हणजे फूल.

दुधी, भोपळा, कारलं, काकडी, दोडका, घोसाळं, पडवळ यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी ओळखायला सोपी: पाकळ्यांच्या खाली फळाची बाहुली असते. दुधीला इवलासा लवदार दुधी, कारल्याला इवलंसं खरखरीत कारलं. नर फुलाचा देठ बारीक, सरळ आणि लांब, खाली काही नाही.

आमच्याकडे नर फुलांना ‘वांझोटी’ म्हणतात आणि नवशिके ती खुडून टाकतात. टाकू नका. वेलीला आधी बरेच दिवस नर फुलंच येतात, मादी मागून येते. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस फळ दिसलं नाही तर घाबरायचं कारण नाही. मात्र नत्र (नायट्रोजन) जास्त झालं किंवा ऊन कडक असलं की नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं. दुकानदाराने दिलेल्या युरियाने माझ्या मांडवावर फुलं दुप्पट केली ती अशी. ती जवळजवळ सगळी नर होती.

टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. तिथे फक्त पराग हलवून पाडायचे असतात.

करटोली वेगळी. तिचा नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. रानातून एकच कंद आणून लावलात आणि तो नर निघाला तर जन्मभर फुलंच बघाल. आठ-दहा मादी वेलांत एखादा नर वेल ठेवतात.

सीताफळाचं प्रकरण सगळ्यात मजेशीर, आणि आमच्या पुरंदरात ते माहीत असायलाच हवं. फूल एकच, त्यात दोन्ही भाग, पण वेळा जुळत नाहीत. आधी मादीचा भाग तयार होतो. तेव्हा जाड पाकळ्या जेमतेम किलकिल्या असतात आणि आत कुक्षी ओलसर चमकते. पराग सुटतात तोवर कुक्षी वाळलेली असते. म्हणजे त्याच फुलाचे पराग त्याच फुलाला क्वचितच उपयोगी पडतात. निसर्गात बारीक भुंगेरे एका फुलातून दुसऱ्यात जाऊन हे काम करतात. ते कमी असले की झाड फुलतं खूप आणि फळ धरतं चार.

४. घड्याळ बघा

दुधीची फुलं दिवेलागणीला उमलतात. पांढरा रंग रात्रीच्या पतंगांना दिसावा म्हणून. मी रोज सकाळी नऊला चहा घेऊन मांडवाखाली ‘मधमाशा येतात का’ बघायला बसायचे. कशाला येतील? कार्यक्रम आदल्या रात्रीच आटोपलेला.

दुधी, दोडका, पडवळ: संध्याकाळ ते रात्र.
भोपळा, कारलं, काकडी, घोसाळं: पहाट ते सकाळ. नऊच्या आत काम उरकायचं. उन्हाने फूल मिटू लागलं की संपलं.
टोमॅटो, मिरची, वांगी: सकाळी दव वाळल्यावर.

दोडका आणि घोसाळं दिसायला भावंडं, दोघांची फुलं पिवळी, पण वेळा उलट्या. दोडक्याच्या वेलावर मी चार सकाळी वाया घालवल्या आहेत.

५. हाताने परागीभवन

दुधी आणि भोपळ्याची पद्धत अशी.

त्या दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या मागे दुमडा किंवा सोलून काढा. मधे पिवळ्या पावडरीने माखलेला दांडा राहतो. त्याला बोट लावा. बोटावर पिवळं आलं तर पराग तयार आहेत. काहीच आलं नाही तर फूल शिळं आहे किंवा अजून वेळ आहे.

आता उमललेली मादी शोधा. आत कुक्षीचे तीन फुगीर भाग दिसतात. नर फुलाचा दांडा त्या तिन्ही भागांवर हलक्या हाताने फिरवा, कुंकू लावल्यासारखा. दाबायचा नाही. आजी हे करताना श्वास धरून असायच्या आणि मलाही गप्प बसवायच्या. त्यामागे शास्त्र काही नव्हतं, पण हात स्थिर राहायचा.

तिन्ही भागांवर का? अंडाशयात शेकडो बीजांडं असतात आणि प्रत्येकाचं फलन वेगळ्या परागकणाने होतं. एकाच बाजूला पराग पडले तर त्या बाजूचं बी भरतं, तीच बाजू फुगते आणि फळ वाकडं होतं. बाजारात कमरेत वाकलेली किंवा एका टोकाला निमुळती काकडी दिसते, तिच्यात पुष्कळदा हेच झालेलं असतं.

एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. काम झालं की मादीच्या देठाला दोरा बांधा आणि वहीत तारीख लिहा.

टोमॅटोला एवढा सोहळा नाही. फुलांच्या घोसामागे टिचकी मारा किंवा बॅटरीच्या टूथब्रशची पाठ देठाला दोन सेकंद टेकवा. पिवळी धूळ उडताना दिसते. रानात हेच काम काही माशा फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवून करतात.

सीताफळासाठी पाकळ्या पूर्ण उघडलेली, पराग सुटलेली फुलं तोडून कागदी डबीत झटका. दुसऱ्या झाडांवरची किलकिली फुलं शोधा, पाकळी बोटाने किंचित बाजूला करा आणि ब्रशने आत पराग फिरवा. काम सकाळी लवकर. पहिल्या दिवशी दहातली सात फुलं माझ्या हातून मोडली. पाकळी जाड दिसते पण चटकन तुटते.

हाताने परागीभवन म्हणजे हौशी लोकांचा खेळ असं वाटत असेल तर व्हॅनिलाची गोष्ट ऐका. मेक्सिकोबाहेर ही वेल वाढायची, फुलायची, पण शेंग धरायची नाही. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा वापरून फुलाचं परागीभवन करायची सोपी रीत शोधली. आजही व्हॅनिलाच्या मळ्यांत बाया-माणसं त्याच रीतीने एकेक फूल हाताने लावतात.

सापळे:
– फुलं उमललेली असताना कीटकनाशक फवारू नका. ‘संध्याकाळी फवारा’ हा सल्ला भोपळ्याला ठीक, दुधीला नाही.
– पाऊस पडून गेल्यावर लगेच करू नका, ओले पराग फुटतात.
– उन्हाळ्यात दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही गरम असेल तर टोमॅटोचे पराग निकामी होतात. तेव्हा टिचकीही चालत नाही आणि टॉनिकही. सावलीची जाळी लावा, थांबा.
– शेत मोठं असेल तर ब्रश विसरा. बांधावर झेंडू, तीळ, बडीशेप अशी सतत फुलणारी झाडं ठेवा आणि सातेरी मधमाशांच्या पेट्या ठेवता येतात का बघा. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर तर २०२२ पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. पेटी हाताळायला शिका, मगच घ्या. नुसती आणून ठेवलेली पेटी महिन्याभरात रिकामी होते.

६. फलन झालं की नाही, कसं कळतं

तीन-चार दिवस थांबा. फलन झालं असेल तर पाकळ्या वाळून जातात, पण खालची बाहुली हिरवी, तुकतुकीत राहते आणि देठ जाड होऊन खाली झुकू लागतो. झालं नसेल तर टोकाकडून पिवळेपणा चढतो.

दोरा बांधलेल्या दहा आणि न बांधलेल्या दहा माद्यांची तुलना करा. या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला विचाराल तर हीच. दोरेवाल्या टिकल्या आणि बाकीच्या गळाल्या, तर तुमचा प्रश्न फलनाचा आहे, खताचा नाही. दोन्ही गळाल्या तर कारण दुसरीकडे शोधा: पाणी, फळमाशी, अन्नद्रव्यं. फळमाशी असेल तर फळावर टोचल्याची बारीक खूण दिसते आणि कापल्यावर आत अळी. मी त्या वर्षी अकरा माद्यांना लाल दोरा बांधला. नऊ दुधी हाताशी आले.

ज्यांना अजून खात्री वाटत नाही त्यांनी मक्याचं कणीस सोलावं. कणसाची प्रत्येक केसरी एकेका दाण्यापर्यंत गेलेली असते. जिच्यावर पराग पडला तिचा दाणा भरला, जिच्यावर नाही तिथे खळगा. दात पडल्यासारखं कणीस म्हणजे न झालेल्या फलनाची हजेरी. म्हणून मका एका लांब ओळीत लावू नये, चार-पाच ओळींच्या चौकोनात लावावा. तुऱ्याचे पराग वाऱ्याने येतात, त्यांना शेजार लागतो.

आता उलटी बाजू. काही पिकांना फळासाठी फलन लागतच नाही. केळी, तोंडली, पॉलिहाऊसमधली बिनबियांची काकडी, आमच्या पुरंदरचं अंजीर. तिथे ब्रश घेऊन फिरणं म्हणजे वेळेचा अपव्यय. नाशिक-सांगलीकडची थॉमसन द्राक्षं मात्र फसवी. तिथे फलन होतं, पण बी कोवळेपणीच वाढायचं थांबतं, म्हणून आपल्याला ती बिनबियांची वाटतात.

७. आता माती

फळ धरलं की वेल खरोखर खायला मागतो. डिंकाच्या लाडवांची वेळ ही. पण किती लाडू, हे माती परीक्षणाशिवाय ठरवू नका.

नमुना असा घ्या. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरपर्यंत खड्डा घ्या. त्यातली माती टाकून द्या आणि मग खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची चकती कापा. सगळ्या जागांची माती गोणपाटावर एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले दोन मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. फळबाग लावायची असेल तर खोलवरचे नमुने वेगळे घ्यावे लागतात.

बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची, विहिरीजवळची किंवा नुकतंच खत टाकलेली माती घेऊ नका. मी पहिल्यांदा सोयीची म्हणून गोठ्यामागची घेतली. अहवालात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणातला कार्बन) इतका जास्त आला की तपासणाऱ्यालाही नवल वाटलं असेल.

नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विद्यापीठात देता येतो. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही आपली चार. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून आहे आणि पत्रिकेत बारा गोष्टी असतात. नव्या माणसाने आधी चारच बघाव्यात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि बोरॉन. कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर आधी शेणखत, मग बाकी. सामू आठच्या वर, चुनखडीची जमीन असेल तर स्फुरद (फॉस्फरस), लोह, जस्त जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही.

बोरॉन मुद्दाम सांगितला. परागनळी वाढायला तो लागतो. तो कमी असेल तर परागीभवन होऊनही फलन अडतं. खत आणि फलन यांची खरी गाठ पडते ती इथे. पण बोरॉनची गरज अगदी चिमूटभर असते आणि थोडा जास्त झाला तरी पानांच्या कडा जळतात. अहवालात कमी दिसला तरच, शिफारशीएवढाच.

कुंडीवाल्यांसाठी: तुम्हाला गोणीतलं रासायनिक खत नको. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, महिन्यातून एकदा थोडी नीमपेंड. कुंडीत युरियाचे चार दाणेही मुळं जाळतात.

८. खताचा हिशेब

शिफारस ‘१००:५०:५०’ अशी लिहितात. म्हणजे हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश (पोटॅश). १०० किलो युरिया नव्हे. मी त्या आकड्यांना गोण्या समजले होते.

वेलभाजीसाठी हीच शिफारस धरून दहा गुंठ्यांचा हिशेब करू. दहा गुंठे म्हणजे साधारण हेक्टरचा दहावा हिस्सा. म्हणजे नत्र १०, स्फुरद ५, पालाश ५ किलो.

युरियात नत्र ४६ टक्के. १० भागिले ०.४६ = साधारण २२ किलो युरिया.
सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के. ५ भागिले ०.१६ = ३१ किलो.
म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के. ५ भागिले ०.६० = सव्वाआठ किलो.

सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी घेतलंत तर हिशेब बदलतो, कारण त्यात १८ टक्के नत्रही असतं. स्फुरदासाठी ११ किलो डीएपी लागेल, त्यातून दोन किलो नत्र आपोआप येईल, म्हणून युरिया साडेसतरा किलोवर आणा. नवी माणसं डीएपीही देतात आणि युरियाही पुरा देतात. वेल माजतो, मावा ही कीड येते, नर फुलं वाढतात आणि आपण पुन्हा दुकानात.

अहवालात एखादं अन्नद्रव्य ‘कमी’ असेल तर त्याची मात्रा साधारण पाव हिस्सा वाढवतात, ‘जास्त’ असेल तर पाव हिस्सा घटवतात.

स्फुरद आणि पालाश सगळं लागवडीच्या वेळी, मातीत मिसळून. आमच्याकडे याला ‘भेसळ डोस’ म्हणतात. मला आधी वाटलं, खतात भेसळ करतात की काय. मूळ इंग्रजी शब्द ‘बेसल’, म्हणजे पायाची मात्रा. नत्र मात्र अर्धं लागवडीला, उरलेलं फळधारणा सुरू झाल्यावर एक-दोन हप्त्यांत. युरिया खोडापासून टीचभर लांब, ओल्या मातीत, आणि वर माती ओढून. उघड्यावर पडलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं.

विद्राव्य खतं ठिबकमधून देणार असाल तर कॅल्शियम नायट्रेट स्फुरदयुक्त खताबरोबर एका टाकीत घालू नका. पांढरा साका बसतो आणि ड्रिपर चोंदतात.

९. दुकानात जाताना

चिठ्ठी घेऊन जा. ‘दुधीला काय देऊ?’ असं विचारलंत की तुम्ही गेलात. ‘सुपर फॉस्फेट ३१ किलो, पोटॅश सव्वाआठ’ असं सांगितलंत की समोरचा वजनकाटा काढतो. सुटं मिळत नसेल तर दोघं-तिघं शेजारी मिळून गोणी घ्या. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची.

गोणीवर छापील किंमत, घटकांचं प्रमाण आणि शिलाई बघा. पॉस मशीनची पावती मागून घ्या, वहीत चिकटवा. ‘युरिया हवा तर ही बाटलीही घ्यावी लागेल’ याला लिंकिंग म्हणतात, आणि ते बेकायदा आहे. माझी ती फुलगळीची बाटली अशीच गळ्यात पडली होती, आणि मी पावतीही घेतली नव्हती. तक्रार पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे करता येते, पण पावतीशिवाय हातात काही उरत नाही.

१०. बी धरायचं असेल तर

देशी वाणाचं बी पुढच्या वर्षी हवं असेल तर उमलायच्या आदल्या वेळी एका मादी कळीला आणि दोन नर कळ्यांना कागदी पिशवी बांधा, म्हणजे दुसऱ्या कुणाचे पराग मधे येणार नाहीत. उमलल्यावर पिशवी काढून परागीभवन करा, मादीला पिशवी परत घाला आणि वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. संकरित वाणावर हा खटाटोप नको, त्याचं बी मूळ वाणासारखं निघत नाही.

हा दुधी वेलीवरच पिकू द्यायचा, साल लाकडासारखी कडक होऊन आत बी खुळखुळेपर्यंत. घरच्यांना तेवढं सांगून ठेवा. माझा पहिला पिवळ्या दोऱ्याचा दुधी आईने कोफ्त्यांसाठी कापला होता.